डावीकडची लाल पट्टी

आमच्या धाकटीला एक खोड आहे. सुरळीत चाललेली कुठलीही वस्तू तिच्या हातात द्या, ती आधी विचारणार, "ही अशीच का आहे?" मग ती वस्तू उघडणार. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने आमच्या दिवाणखान्यातल्या पंख्याचं बटण दाराच्या आडून काढून सोफ्याशेजारी आणून बसवलं. इतकी वर्षं आम्ही सगळे पंखा लावायला उठून दार लोटून मागे जात होतो आणि कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं की बटण हलवता येतं. मला तेव्हा तिचा राग आला होता. नव्या सुनेने आल्या आल्या घराच्या भिंती उकरायला घ्याव्यात, हे काही मला रुचलं नाही.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, माझ्या धाकट्या दिरांची बायको. ते दोघं वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. ती सार्वजनिक वाचनालयात कॉम्प्युटर सांभाळते. लोक तिथे पुस्तकं न्यायला येतात आणि कॉम्प्युटरशी भांडून जातात. ती भांडणं मिटवणं हे तिचं काम. तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरवर तिने लिनक्स घातलेलं आहे. मला ते तिने एकदा समजावलं होतं: कॉम्प्युटर चालवणारी ही व्यवस्था कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही, फुकट मिळते, उघडून बघता येते आणि मनासारखी बदलता येते. मी म्हटलं, "म्हणजे तुझ्यासारख्या माणसांनी तुझ्यासारख्या माणसांसाठी केलेली आहे." ती म्हणाली, "ताई, अगदी बरोबर." टोमणा तिला कळला नाही, किंवा कळून तिने तो गिळला. तिचं काही सांगता येत नाही.

तिचा स्वतःचा कॉम्प्युटर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं तो बंद पडलाय. पडद्यावर एक चित्र नाही, एक बटण नाही, नुसता काळोख. तिने दोन अक्षरं दाबली आणि त्या काळोखातून तिच्या खिडक्या एकेक करून शिस्तीत येऊन बसल्या. "मला लागतं तेवढंच ठेवलंय," ती म्हणाली. मी नाक मुरडून खाली आले.

आता माझ्याबद्दल थोडं. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला एक पातळ कागद असतो, जो कुणीही वाचत नाही. तो मी वाचते. आमच्या गावातल्या एका छापखान्यात असे कागद छापतात आणि छापायच्या आधी ते तपासून द्यायचं काम माझं. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर कुणाच्या तरी आईच्या पोटात चुकीची गोळी जाईल, हे मला मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून मी कागदाकडे संशयाने बघते. नवरा म्हणतो, माझ्याकडेही तशीच बघतेस. असो.

मग एक दिवस भांडी आवरताना माझ्या हातातून कप सुटला. मेंदूत उजव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. दवाखान्यात लवकर नेलं म्हणून जिवावरचं निभावलं. हातापायांत जोर परत आला, बोलणं तर कधी गेलंच नव्हतं, उलट नर्सबाईंच्या मते ते थोडं गेलं असतं तरी चाललं असतं. पण माझी डावी बाजू हरवली. डोळे ठीक होते. मेंदूनेच डावीकडचं जग रद्द करून टाकलं होतं. ताटातलं उजव्या बाजूचं जेवण मी संपवायची आणि पोट भरलं नाही म्हणून कुरकुरायची, अर्धं ताट तसंच पडलेलं असायचं. केस विंचरायचे तेही अर्धेच. आणि यातली खरी गंमत अशी, की मला काही कमी आहे असं वाटतच नव्हतं. हरवलेली वस्तू निदान आठवते तरी. इथे काही हरवलंय हेच मला ठाऊक नव्हतं.

म्हणून घरी आल्यावर मी हट्ट धरला की मला काम हवं. मालकांनी बिचाऱ्यांनी एक साधा कागद पाठवला. मी तो दोनदा वाचला आणि 'बरोबर' असं लिहून परत केला. त्यात जिथे ५० छापलं होतं तिथे मुळात २५० होतं. डावीकडचा दोन गळाला होता. मूळ प्रत शेजारी ठेवून मी आकडे ताडून पाहिले होते, पण मला त्या प्रतीतलाही दोन दिसला नव्हता.

छापायच्या आधी चूक पकडून मालक घरी आले. ओरडले असते तर मी भांडले असते. ते हळू आवाजात म्हणाले, "तुमची खुर्ची मी कुणाला देत नाही. पण तुम्ही बऱ्या झाल्याशिवाय एकही कागद पाठवणार नाही." ते गेल्यावर मी पहिल्यांदा घाबरले. ते काम गेलं तर मी उरते कोण? पुढचे सगळे महिने माझ्यापुढे एवढा एकच प्रश्न होता.

त्या संध्याकाळी धाकटी पेनड्राइव्हचा जुडगा घेऊन खाली आली. किल्ल्या अडकवाव्यात तसे ती ते एका कडीत अडकवते.

"ताई, तुमच्या कॉम्प्युटरवर वाचायचा सराव करायचा. पण आहे त्या व्यवस्थेत काही हलवता येत नाही, सगळं त्यांनी ठरवलेल्या जागी. मी लिनक्स घालते."

"माझ्या फायली?"

"आधी सगळ्या दुसऱ्या डिस्कवर उतरवते. तुम्हाला उघडून दाखवते. मगच हात लावते."

आणि तिने तसंच केलं. माझ्या फायली एकेक उघडून मला दाखवल्या. मग पेनड्राइव्ह लावला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, चालू होता होता कुठलंसं बटण भराभर दाबलं आणि पडद्यावर निळसर रंगाचं काहीतरी आलं. "हे नुसतं पेनड्राइव्हवरून चालतंय," ती म्हणाली, "अजून आत काही घातलेलं नाही. आवडतंय का बघा." न आवडायला मला त्यातलं काय कळत होतं? मग भाषा, तारीख, नाव असे प्रश्न झाले आणि शेवटी त्याने विचारलं, सगळी डिस्क पुसून टाकू का? धाकटीने चहा मागवावा तितक्या सहज 'हो' दाबलं.

मी पडद्यासमोर बसून राहिले. काहीच हलत नव्हतं. "बंद पडलं," मी म्हटलं. "चालू आहे, ताई." "अगं, मला काय डोळे नाहीत? इथे काही नाही." बऱ्याच वेळाने एक पट्टी एकदम अर्धी भरलेली दिसली आणि मग पुढे सरकू लागली. मी विजयी मुद्रेने म्हटलं, "आत्ता सुरू झालं बघ." ती पट्टी डावीकडून भरत आली होती. सुरुवातीपासून, धाकटीच्या डोळ्यांसमोर.

लिनक्स बसलं, पण मला मेनू सापडेना. तो खाली डाव्या कोपऱ्यात होता. मी दिवसातून दहा वेळा तिला वाचनालयात फोन करून सांगायची की तू मेनू घालायला विसरलीस. कामावरून आली की ती चपला काढायच्या आधी माझ्याकडे. मी तिचा पाणउतारा करायची, नवरा मधे पडला तर त्याचाही. शेवटी तिने एक युक्ती केली. मेनू, घड्याळ, फायलींची चित्रं, आवाजाचं बटण, सगळं तिने उचलून उजवीकडे आणून ठेवलं. कुठलीही खिडकी उघडली की उजव्या अर्ध्यातच उघडेल असा नियम लिहिला. अक्षरं मोठी केली, माऊसचा बाण पिवळाधमक केला. पडद्याचा डावा अर्धा रिकामा, पण तो नाहीतरी माझ्या लेखी नव्हताच.

मला स्वर्ग दोन बोटं उरला. सगळं हाताशी, सगळं नजरेसमोर. मी नवऱ्याला म्हटलं, "बघा, पोरीला डोकं आहे." इतक्या वर्षांत मी तिला केलेली ही पहिली स्तुती, आणि तीही तिच्या पाठीमागे.

घरात मात्र मी दाराच्या चौकटींना जास्तच आपटू लागले. डाव्या खांद्यावर निळे डाग पडायला लागले. कारण कुणाच्याही लक्षात आलं नाही.

व्यायाम घ्यायला एक थेरपिस्ट बाई आमच्याकडे यायच्या. एकदा त्यांची नजर माझ्या पडद्यावर गेली. त्या जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मी," धाकटी म्हणाली. तिला वाटलं, शाबासकी मिळणार.

"फार सुंदर केलंय. आणि फार चुकीचं केलंय." बाईंनी खुर्ची ओढली. "यांच्या मेंदूला डावीकडे वळायचा कंटाळा आलाय आणि तुम्ही त्याला सांगितलंत, बस निवांत, मी सगळं इकडे आणून देते. तो आणखी आळशी झाला. जे हवं ते डावीकडे ठेवा. आम्ही कागदाच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढतो. लाल दिसेपर्यंत मान वळवायची, लाल दिसलं की मगच वाचायला लागायचं. आणि घरातल्यांनीही यांच्या डाव्या बाजूलाच बसायचं, तिकडूनच बोलायचं."

बाई गेल्या. जिन्यावर धाकटीच्या पावलांचा आवाज आला नाही, म्हणून मी समजले की ती तिथेच कुठेतरी बसली आहे. मग डावीकडून तिचा आवाज आला, "ताई, तुमचे इतके दिवस माझ्यामुळे वाया गेले." मी नुसतं "चहा टाक" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी घेतली आणि केलेलं सगळं उलटं करायला बसली. जे जे उजवीकडे आणलं होतं ते ते परत डावीकडे. आणि पडद्याच्या अगदी डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक लाल पट्टी. एरवी जिच्यात मेनू आणि घड्याळ ठेवतात तशीच ती पट्टी, फक्त आत काहीच न ठेवता रिकामी, अंगठ्याएवढी रुंद, लालभडक. कुठलीही खिडकी तिला झाकू शकणार नाही असं तिने करून ठेवलं. फक्त डाव्या स्पीकरमधून टकटक होईल, दारावर कुणी आल्यासारखी, अशीही सोय केली, म्हणजे मी तिकडे बघावं. डाव्या कोपऱ्यात तिने माझ्या नवऱ्याचा फोटो लावला. मी म्हटलं, "याला बघायला मान कोण वळवणार?" तिने लगेच तो काढून आमच्या मांजरीचा लावला. नवरा दोन दिवस गाल फुगवून होता.

आणि मग माझे हाल सुरू झाले. रोज संध्याकाळी धाकटी माझ्या डावीकडे स्टूल घेऊन बसायची आणि मी वाचायचं. "लाल दिसलं का?" "दिसलं." "नाही दिसलं, ताई. अजून वळा." मान दुखायची, डोळ्यांतून पाणी यायचं. वाक्याचं शेपूट हाती लागायचं आणि डोकं गायब. मी संतापून काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुझ्या या लिनक्सला आग लाव म्हटलं, ते त्यातलं सौम्य. माझा हात उचलून तिने कितीदा त्या पट्टीवर नेऊन टेकवला असेल. बाजूने फक्त तिचा आवाज यायचा, शांत, एका सुरातला. मला तो शांतपणाच जास्त लागायचा. वाटायचं, हिला काही होतच नाही.

तिला जे जमत नव्हतं तेही तिने शिकून घेतलं. छापखान्याचे कागद ज्या स्वरूपात येतात ते आमच्या कॉम्प्युटरवर उघडायचे, पण अक्षरं तुटायची, जोडाक्षरांचे पाय वेगळे पडायचे. तिने कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी माणसांना लिहून विचारलं. त्यांनी उत्तरं दिली. कुणी म्हणाला ही फाइल बदल, कुणी म्हणाला तो फॉन्ट घाल. मी विचारलं, "यांना यात काय मिळतं?" ती म्हणाली, "काही नाही. त्यांनाही कधीतरी कुणीतरी सांगितलेलं असतं." मी ते ऐकून घेतलं. तेव्हा वाचायच्या चिंतेत होते, पण नंतर कितीदा तरी त्या माणसांची मला आठवण झाली. माझ्यासाठी जोडाक्षरं सरळ करणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. त्यांचं भलं होवो.

एका संध्याकाळी मी बसल्या बसल्या म्हटलं, "पट्टी बारीक का केलीस?"

डावीकडचं स्टूल करकरलं.

"काय म्हणालात?"

"पट्टी. काल होती त्यापेक्षा बारीक आहे. मला काय आंधळी समजतेस?"

स्टूल पडल्याचा आवाज झाला. धाकटी जिन्यावरून धावत वर गेली आणि माझ्या दिरांना हाक मारून ओरडून सांगू लागली की ताईंना दिसलं, ताईंना स्वतःहून दिसलं. मी खाली बसून चिडत होते की उत्तर न देता ही गेली कुठे. मग उमगलं. ती रोज ती पट्टी केसभर कमी करत होती आणि मी पहिल्यांदाच, कुणी न सांगता, डावीकडचा फरक पकडला होता. त्या वेळी माझा जीव भांड्यात पडला. पूर्ण नाही, अर्धा. उरलेला अर्धा छापखान्यात अडकलेला होता.

मालकांना मी फोन केला. ते म्हणाले, "या. एक कागद देतो. त्यात मी मुद्दाम चुका घातल्या आहेत, किती ते सांगणार नाही. सगळ्या सापडल्या तर खुर्ची तुमची. एकही राहिली तर..." बरोबरच होतं त्यांचं. ज्या बाईने दोन गाळला तिच्या हाती परत औषधं द्यायची, तर खात्री नको?

जायच्या दिवशी धाकटीने माझ्या पर्समध्ये एक पेनड्राइव्ह टाकला. "यात तुमचा अख्खा कॉम्प्युटर आहे. पट्टी, अक्षरं, मांजर, सगळं. तिथल्या कॉम्प्युटरला लावून चालू केलं की तुमचंच येईल, त्यांच्या कॉम्प्युटरमधलं काही बदलणार नाही. पण नसेल वापरायचा तर नका वापरू. मालकांना वाटायला नको..."

"काय वाटायला नको? ज्याला चष्मा लागतो तो माणूस परीक्षेला चष्मा काढून बसतो का?" मी म्हटलं.

छापखान्यात माझी खुर्ची खरंच रिकामी होती. तिच्यावर कुणीतरी कागदाचे गठ्ठे ठेवले होते, ते मालकांनी स्वतः उचलले. मी त्यांना पेनड्राइव्ह दाखवला, तो काय आहे ते सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मला चूक सापडण्याशी मतलब." सोबत आलेल्या धाकटीने तिथला कॉम्प्युटर बंद करून चालू केला, ते बटण भराभर दाबलं आणि त्या परक्या खोलीत, शाईच्या वासात, माझा पडदा उघडला. मांजर डाव्या कोपऱ्यात. पट्टी आता दोऱ्याएवढी. धाकटी सवयीने माझ्या डाव्या हाताला बसली आणि मी वाचायला सुरुवात केली.

लाल दिसलं, ओळ धरली. लाल दिसलं, पुढची ओळ. एका ठिकाणी 'जेवणाआधी'चं 'जेवणानंतर' झालं होतं, ते सोपं होतं. एका ठिकाणी गोळीचा रंग दोन जागी वेगळा. एका वाक्यातला 'नये' गळाला होता. मालक पाठीमागे उभे राहून मनात मोजत असावेत, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. कागद संपला. मी परत पहिल्या ओळीवर गेले. सगळ्या ओळींच्या फक्त सुरुवाती वाचल्या, नुसत्या डाव्या कडेने खाली उतरत. तळाशी, लहान मुलांच्या मात्रेच्या ओळीत पहिलाच आकडा २५ होता. शेजारच्या मूळ प्रतीत १२५. मी त्यावर बोट ठेवलं आणि बोट काढायला धजेना.

"इथे एक गेलाय," मी म्हटलं.

मालकांनी चष्मा काढून पुसला. "सोमवारपासून या," ते म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

मी डावीकडे वळले. सांगायला वळले, की बघ, तुझ्या त्या लिनक्सचं आणि त्या फुकट मदत करणाऱ्या लोकांचं मी किती देणं लागते. धाकटी रडत होती. आवाज न करता, दोन्ही हात मांडीवर ठेवून, चेहरा तसाच ठेवून, नुसतं पाणी गालांवरून वाहत होतं. ते लपवायची धडपडही ती करत नव्हती, आणि त्याचंच मला नवल वाटलं. रडणारं माणूस कुणी वळलं की तोंड फिरवतं. हिला त्याची सवयच नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती दचकली. पदराने घाईघाईने तोंड पुसलं. "अं? आत्ताच."

"खोटं बोलू नकोस. कधीपासून इथे बसून रडतेस?"

ती खाली बघत राहिली. "थेरपिस्ट बाईंनीच सांगितलं होतं ना, डावीकडे बसा," ती म्हणाली. "तिथे तुम्हाला दिसत नव्हतं, म्हणून बरं पडायचं."

त्या साऱ्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर आल्या. माझ्या शिव्या, तो एका सुरातला आवाज, आणि त्या आवाजाच्या वर हा चेहरा, हातभर अंतरावर. सख्ख्या बहिणीने माझ्यासाठी केलं नसतं ते हिने केलं, आणि माझ्या तोंडावर रडायचा हक्कसुद्धा मागितला नाही. मी तिला जवळ ओढलं. छापखान्यातली माणसं बघत होती, बघू देत.

"आता रडायला दुसरी जागा बघ बाई," मी म्हटलं. "इथलं मला दिसतं."